मनातला पोषाख, पेटीतलं लुगडं

(शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींच्या वर्धा येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

सकाळपासून आपण शिलाईच्या दरांवर बोललो, व्यापारी पैसे कसे अडकवतात त्यावर बोललो, मान आणि पाठ धरते त्यावर बोललो. त्यानंतर माझा विषय जरा चैनीचा वाटेल. वाटू द्या. गेलं वर्षभर मी सेलू, देवळी, समुद्रपूर या तालुक्यांतल्या शिवणवर्गांत एक प्रश्न विचारत फिरते आहे. पैशाची, कापडाची, वेळेची अडचण नसती आणि गिऱ्हाईकाची घाई नसती, तर जुन्या काळातला कोणता पोषाख स्वतःच्या हातानं शिवायला तुम्हाला आवडला असता?

हा प्रश्न का सुचला ते आधी सांगते. मी एम. एस. डब्ल्यू. केलं तेव्हा आम्हाला गरजांचं सर्वेक्षण कसं करायचं ते शिकवलं. घर आहे का, संडास आहे का, रेशनकार्ड आहे का, कर्ज किती, नवरा पितो का. फॉर्ममध्ये बाईला काय नाही याचे रकाने भरपूर असतात. तिला काय करावंसं वाटतं याला रकाना नसतो. मग सर्वेक्षण संपतं आणि उत्तर आधीच ठरलेलं असतं, ते म्हणजे शिलाई मशीन. नवऱ्यानं टाकलेली असेल तर शिलाई मशीन, विधवा असेल तर शिलाई मशीन, शाळा सुटलेली मुलगी असेल तरी शिलाई मशीन. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या ६ जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यांत आपला वर्धा होता. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांसाठी काहीतरी करावं असं ज्या ज्या दात्याला, मंडळाला वाटलं, त्यातल्या बहुतेकांनी मशीनच दिलं. मशीन वाईट नाही. माझा आक्षेप इतकाच की त्या मशीनवर काय शिवायचं ते तिला कोणी विचारलं नाही. चार टक्सचा ब्लाऊज, परकर, पिको-फॉल, शाळेचा गणवेश आणि संस्थेच्या प्रदर्शनासाठी कापडी पिशव्या, इथवरच तिची मजल आपणच ठरवून टाकली.

तर प्रश्न विचारल्यावर पहिल्यांदा सगळीकडे शांतता. "ताई, पोटाले नाही अन् हे कायले?" असं एकदोघींनी तोंडावर सांगितलं. मग मागून कोणीतरी हळूच म्हणायची, "गाऊन." आणि सगळ्या खोखो हसायच्या.

हसायचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. गाऊन म्हणजे सिनेमातल्या राजकन्येचा घोळदार पोषाख असं त्या मुलीच्या मनात असतं, आणि आपल्या मोहल्ल्यात गाऊन म्हणजे ज्यावर ओढणी किंवा टॉवेल टाकून आपण नळावर जातो, तो. त्या हसण्यावर मी थोडी थांबणार आहे, कारण या दुसऱ्या गाऊनचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. कंबर नाही, माप नाही, नाडी नाही. गरोदर बाईला चालतो, पुढे चेन असली की अंगावर पाजणारीला चालतो, उन्हाळ्यात चुलीपुढे बसणारीला चालतो. बाई कशी दिसते यापेक्षा तिला सोयीचं काय, याचा विचार करून शिवलेले कपडे आपल्याकडे किती आहेत? मला तरी हा एकच ठळक दिसतो. म्हणूनच त्याच्यावर एवढा राग. २०१४ साली नवी मुंबईतल्या गोठिवली गावात दिवसा गाऊन घालून बाहेर पडणाऱ्या बाईला ५०० रुपये दंड अशी पाटी लागली होती. ती कोणा पाटलानं लावली नव्हती, तिथल्या महिला मंडळानं लावली होती. २०१८ साली आंध्रातल्या तोकलपल्ली गावात तोच दंड २,००० रुपयांवर गेला आणि चुगली करणाऱ्याला १,००० रुपयांचं बक्षीस ठेवलं. आपल्या बचतगटांतही अशा पाट्या मनातल्या मनात लागलेल्या असतात. कोण गाऊनवर बैठकीला आली, कोणाचा पदर कुठं होता. इथं बसलेल्या प्रत्येकीनं आठवून पाहावं.

आता त्या राजकन्येच्या गाऊनबद्दल. लग्नाआधीच्या फोटोंसाठी मुली तो भाड्यानं आणतात, आणि शिवणवर्गातल्या बहुतेक तरुण मुलींना तो शिवायचा आहे. मला त्यांना हसावंसं वाटत नाही. पांढऱ्या गाऊनमध्ये लग्न करायची चाल जगभर पसरली ती इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीमुळे. १० फेब्रुवारी १८४० ला तिचं लग्न झालं, तेव्हा तिनं पांढऱ्या साटिनचा गाऊन घातला होता. त्यावरची लेस इंग्लंडच्या डेव्हन भागातल्या बायांनी हातांनी विणली होती. फोटोतली राणी सगळ्यांना दिसते, लेस विणणाऱ्या बाया दिसत नाहीत. पण शिवणारीनं आधी लेसच बघावी. कुठं जोड आहे, घोळ कसा बसवलाय, अस्तर कशाचं आहे. तो आपला इतिहास आहे.

आणि त्या इतिहासात वर्धा जिल्हा आहेच. हिंगणघाटचा कापूस त्या काळात नावाजलेला होता. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला आणि इंग्रजांच्या गिरण्यांचा डोळा आपल्या कापसाकडे वळला. १८६२ साली वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा केला गेला, पुढे काही वर्षांत रेल्वे आली, आणि गाठोडी मुंबईकडे जाऊ लागली. १ जानेवारी १८७७ ला व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, त्याच दिवशी नागपुरात टाटांची गिरणी सुरू झाली आणि तिचं नावही एम्प्रेस ठेवलं. ती गिरणी २००२ साली कायमची बंद झाली. कापूस वेचणं बायांचं काम होतं, ते राहिलं. सूत कातणंही बायांचं काम होतं, घरबसल्या चार पैसे देणारं. विलायती आणि गिरणीच्या सुतानं ते गेलं. तेव्हा गाऊन आपला नाही असं मला कोणी सांगितलं की मी म्हणते, कापूस कोणाचा होता ते आधी सांगा.

गाऊनचं एक अंग मात्र मुलींना मी मुद्दाम सांगते, ते खिशाचं. युरोपात अठराव्या शतकापर्यंत बाया कमरेला नाडीनं बांधायचे वेगळे खिसे घालत. वरून घोळदार झगा, त्याला बाजूला फट, आत हात घातला की किल्ल्या, पैसे, कात्री, सुईदोरा. शतकाच्या शेवटी अंगासरशी बसणाऱ्या झग्यांची फॅशन आली, खिसा गेला आणि हातात चिमुकली पिशवी आली. आपल्याकडे आजीच्या कनवटीला पैसे असत, कमरेला चंची असे. सहावारी आली, पंजाबी ड्रेस आला, लेगिन्स आली आणि कनवटी गेली, पण तिच्या बदल्यात खिसा काही आला नाही. सेलूच्या वर्गातल्या एकीनं गिऱ्हाईकाला विचारलं, कुर्त्याला खिसा लावू का? सोबत आलेली सासू म्हणाली, "बाईच्या जातीले खिसा कायले?" खिशाला पाव मीटरसुद्धा कापड लागत नाही. सासूला कापडाची काळजी नव्हती.

सगळ्यात जास्त हात वर झाले ते झाशीच्या राणीसाठी. हे साहजिक आहे. शाळेतल्या वेशभूषा स्पर्धेत प्रत्येक आईनं एकदा तरी पुठ्ठ्याची तलवार केलेली असते. पण शिवायला बसलं की प्रश्न पडतो, नक्की कोणता पोषाख? पुतळ्यांमध्ये कुठं कासोट्याचं लुगडं आहे, कुठं अंगरखा आणि चोळणा. १८५४ साली तिला भेटलेल्या जॉन लँग नावाच्या वकिलानं ती साध्या पांढऱ्या मलमलीत होती असं लिहिलं आहे. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ ती पडली तेव्हा घोडेस्वाराच्या वेशात होती असं इंग्रजांच्या नोंदी सांगतात. म्हणजे एकाच बाईचे दोन पोषाख, आणि दुसऱ्याला आपण 'मर्दानी' म्हणून मोकळे होतो. घोड्यावर बसायला पाय मोकळे लागतात, त्यात मर्दानी काय आहे? शेतात रोवणी-निंदणी करणारी प्रत्येक बाई कासोटा घालून तेच करत आली आहे. अंगरखा मात्र शिवायला फार छान कपडा आहे. घेराला कळ्या, काखेत चौकोनी तुकडा म्हणजे हात वर केला तरी उसवत नाही, बाजूला बंद. बटण नाही, चेन नाही. वजन वाढलं-घटलं तर बंद सैल करा किंवा आवळा. समुद्रपूरच्या मुलींनी जुन्या चादरीचा एक बेतला, तीन वेळा उसवला, चौथ्यांदा बसला. त्यांना झालेला आनंद मी बघितला आहे.

राण्यांचे कपडे तरी राहिले का, असं विचाराल तर आपल्याच भागातलं उदाहरण आहे. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले, पुढच्या वर्षी इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं आणि भोसल्यांच्या वाड्यातलं जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन लिलावात काढलं. राण्यांची ही गत, तर रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचं लुगडं कोण ठेवणार? ते तर फाटेपर्यंत नेसलं जातं, मग त्याची बाळाची झोळी होते, मग गोधडी, मग पोतेरं. कष्टकरी बाईच्या कपड्याचा इतिहास पोतेऱ्यात संपतो. म्हणूनच संग्रहालयात पैठणी असते आणि जाडंभरडं लुगडं नसतं.

मला स्वतःला काय शिवावंसं वाटतं? बाकीच्यांनी विचारलं, तेव्हा लपवण्यात अर्थ नव्हता. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात एक नर्तकी आहे. तिच्या अंगात लांब बाह्यांची, नीट बेतलेली, शिवलेली चोळी आहे, पुढे-मागे पल्ले सोडलेली. पाचव्या शतकातली. आपल्याकडे शिवलेले कपडे मुसलमानांबरोबर आले असं अजून शिकवलं जातं, बोललं जातं, ते या एका चित्रानं खोटं ठरतं. आणि गंमत म्हणजे त्याच भिंतींवर राण्या बघा, त्यांच्या अंगावर झिरझिरीत वस्त्रं आणि दागिने आहेत, शिवलेलं फारसं काही नाही. शिवलेले कपडे दिसतात ते दासींच्या, नाचणाऱ्यांच्या, राबणाऱ्यांच्या अंगावर. ज्यांना हात-पाय हलवायचे होते त्यांना शिंपी लागला. अजिंठ्याची ही लेणी वाकाटकांच्या काळातली. त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेची राणी प्रभावतीगुप्ता इथं विदर्भात मुलगा लहान असताना स्वतः राज्य चालवत होती, आणि वाकाटकांची राजधानी आपल्या पवनारला होती असं वा. वि. मिराशींचं मत होतं. इतर अभ्यासक मनसरचं नाव घेतात. वाद चालू द्या. मला राणीपेक्षा त्या नर्तकीची बाही कशी बसवली होती ते शोधायचं आहे.

दुसरा माझा लाडका पोषाख म्हणजे आनंदीबाई जोशींचा. १८८३ च्या एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून जहाजानं एकटी निघाली, अठरा वर्षांची. फिलाडेल्फियाची थंडी, आणि पोटऱ्या उघड्या ठेवणारं नऊवारी लुगडं. तिनं खूप विचार केला. गाऊन घालायचा नाही हे पक्कं होतं, पण आजारीही पडायचं नव्हतं. मग तिनं पाय झाकणारी गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. १० ऑक्टोबर १८८५ चा तिचा फोटो प्रसिद्ध आहे, जपानची केई ओकामी, सीरियाची सबात इस्लामबूली आणि आपली आनंदी, तिघी आपापल्या देशाच्या पोषाखात. ११ मार्च १८८६ ला ती डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारली, बावीस पूर्ण व्हायच्या आधी. मी तिच्यासाठी एक कोट शिवला असता. आतून रुईचं अस्तर, मागं लुगड्याच्या निऱ्यांना जागा सोडलेला, मोठ्या खिशांचा. धर्म की थंडी असा प्रश्न पडू नये म्हणून. असा कोट बेतायचं तेव्हा कोणाला सुचलं नाही, कारण बाई अमेरिकेत जाऊन शिकेल हेच कोणाला सुचलं नव्हतं.

आता जरा दुसऱ्या लुगड्याकडे येते. सावित्रीबाई १८४८ पासून पुण्यात शाळेत शिकवायला जात, तेव्हा वाटेत लोक शेण आणि चिखल फेकत. जाताना त्या एक जाडंभरडं लुगडं नेसत आणि शाळेत गेल्यावर बदलायला दुसरं सोबत नेत, अशी आठवण त्यांच्या जवळच्यांनी सांगून ठेवली आहे. प्रत्येक ३ जानेवारीला आपण ही गोष्ट सांगतो. पण शिवणवर्गात एक पोरगी पटकन म्हणाली, "म्हंजे ताई, तिच्यापाशी दोन होती." मी गप्प झाले. खरं आहे. १९१७ साली चंपारणात गांधीजींनी कस्तुरबांना एका बाईकडे पाठवलं, कपडे मळके का असं विचारायला. त्या बाईनं आपली झोपडी दाखवली आणि सांगितलं की अंगावर आहे तेवढीच साडी आहे, ती धुवायची तर नेसू काय? गांधीजींनी हे आत्मकथेत लिहिलं आहे. आणि इथं वर्ध्यात जानकीदेवी बजाजांनी परदा सोडला, दागिने सोडले, भारी कपडे सोडून खादी धरली. मोठं धाडस होतं ते, मारवाडी घरातल्या सुनेसाठी तर फारच मोठं. मी त्याला कमी लेखत नाही. पण सोडायला आधी असावं लागतं. साधेपणाचं कौतुक आपल्या जिल्ह्याला जरा जास्तच आहे, आणि ते गरीब बाईच्या गळ्यात पडतं तेव्हा मला राग येतो. जिच्याकडे एकच आहे तिला साधेपणा शिकवू नये. तिला जरीचा काठ हवा असेल तर तो तिचा हक्क आहे.

कस्तुरबांचंही एक लुगडं लक्षात ठेवण्यासारखं आहे. २२ फेब्रुवारी १९४४ ला आगाखान पॅलेसमध्ये कैदेतच त्या गेल्या, तेव्हा त्यांना नेसवलेली साडी गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची होती. नवऱ्यानं बायकोच्या वस्त्रासाठी कातावं, अशी उदाहरणं इतिहासात थोडी. ते तिला जिवंतपणी पुरेसं मिळालं का, हा प्रश्न सेवाग्रामला गेल्यावर बा कुटीसमोर माझ्या मनात येतोच.

देवळी तालुक्यातल्या एका गावात वर्ग होता. प्रश्न विचारला तशी एक मुलगी म्हणाली, "आमच्या आजीचं दीक्षेचं लुगडं." दुसऱ्या दिवशी ती आजीला घेऊन आली. आजीनं पत्र्याच्या पेटीच्या तळातून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेलं, पांढरं, आता पिवळट पडलेलं लुगडं काढलं. १४ ऑक्टोबर १९५६. लहान पोर होती ती तेव्हा, आणि लुगडं तिच्या आईचं. गावातले सगळे नागपूरला निघाले, काही रेल्वेनं, काही पायी. पांढरं नेसून यायचं होतं. नागपुरातल्या दुकानांतली पांढरी लुगडी संपली होती असं सांगतात. पांढरं नेसणं म्हणजे कपाळ पुसलेल्या बाईचं नेसणं, असं जिथं शिकवलं होतं, तिथं लाखो माणसांच्या गर्दीत सवाष्ण बाया पांढऱ्या लुगड्यात उभ्या होत्या. एका दिवसात त्या रंगाचा अर्थ बायांनी फिरवला.

त्याच्या २९ वर्षं आधी, डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या बायांना लुगडं कसं नेसायचं त्यावर सांगितलं होतं. गुडघ्याशी खोचलेलं लुगडं आणि गळ्या-हातातले कथलाचे, चांदीचे जड दागिने ही जातीची खूण आहे, ती टाका, इतर बाया नेसतात तसं घोट्यापर्यंत नेसा, त्याला जास्त पैसे पडत नाहीत. बायांनी तिथल्या तिथं नेसणं बदललं. कापड तेच, लांबी तीच नऊ वार, फक्त निऱ्या खाली सोडल्या. एवढ्या स्वस्तात एवढा मोठा बंड दुसरा कोणता झाला असेल? केरळात त्रावणकोर संस्थानात नाडर बायांना छाती झाकणारं वस्त्र घालायचा हक्क मिळवायला कित्येक वर्षं मार खावा लागला, १८५९ साली कुठं राजानं जाहीरनामा काढला. आणि आपल्या नागपूर-वर्धा भागात तर जाडंभरडं कापड विणणारे हात बरेचसे महार समाजातलेच होते. विणायचं त्यांनी, आणि कसं नेसायचं ते ठरवायचं दुसऱ्यांनी.

आजीनं ते लुगडं आम्हाला हातात घेऊ दिलं. मुलींनी काठ बघितला, ठिगळ बघितलं. त्यावरची चोळी राहिली नव्हती. ती शिवायची असं त्या वर्गानं ठरवलं. आजीनं आठवून सांगितलं, बाही कोपराशी, पुढं गाठ, गळा बंद. तीन मुलींनी मिळून साध्या पांढऱ्या कापडाची हातशिलाईनं केली. मशीन लावू द्यायला आजी तयार नव्हती.

आता जी गोष्ट सांगते ती सांगू की नको, असं मला कालपर्यंत वाटत होतं. जिची आहे तिनंच सांग म्हटलं, नाव न घेता. वर्गातली सगळ्यात बारीक हाताची कारागीर. बत्तीस वर्षांची. नवऱ्यानं विष घेतलं, दोन मुलं. तिचं काज बघितलं तर मशीनचं वाटेल. तिला विचारलं, तुला काय शिवायचंय? बराच वेळ ती बॉबिन भरत राहिली. मग म्हणाली, "नवरीचा पोशाख. हळदीची पिवळी साडी, तिच्यावरचं बिलाऊज, पूर्ण काम केलेलं. पण माह्या हातचं कोन घालन, ताई?" गावात तिच्याकडे परकर येतात, रोजचे ब्लाऊज येतात, लग्नाचं काही येत नाही. एकदा एक शालूचा ब्लाऊज कापून झालेला होता, तो आतेसासूनं परत नेला. अपशकुन. कापलेलं कापड परत नेलं, मैत्रिणींनो. शिलाईचा खरा पैसा लग्नसराईत असतो, म्हणजे ही केवळ मान-अपमानाची गोष्ट नाही, तिच्या वर्षभराच्या कमाईचीही आहे. आपण तिला मशीन दिलं, प्रशिक्षण दिलं, प्रमाणपत्र दिलं, आणि गावानं तिच्या हातांवर बंदी घातली. कुठल्या प्रकल्प अहवालात हे येत नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, नवरा मेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढलं. ठराव चांगला आहे, आपल्या गावांत तो व्हावा म्हणून आपण धडपडतोही. पण विधवेच्या हातचा ब्लाऊज नवरीनं घालावा, असा ठराव कोण करणार? तो ग्रामपंचायतीत होत नाही. तो इथं बसलेल्या आपल्या घरांत होतो. इथल्या पाचजणींकडे या उन्हाळ्यात लग्नं आहेत, मला ठाऊक आहे. त्यातल्या एकीनं सकाळी चहाच्या वेळी येऊन तिला माप दिलं आहे, मुलीचं. बाकीच्या चौघींकडे मी बघत नाही, त्यांनीच बघावं.

कोणी म्हणेल, हे जुने पोषाख शिवून पैसे मिळतात का? मिळतात. कोल्हापूरची भानुमती राजोपाध्ये, आपल्याला भानू अथैया म्हणून माहीत असलेली, 'गांधी' चित्रपटाच्या पोषाखांसाठी १९८३ साली जॉन मोलोबरोबर ऑस्कर घेऊन आली. ऑस्कर मिळालेली पहिली भारतीय व्यक्ती ती, आणि ते मिळालं कपड्यांसाठी, बऱ्याचशा खादीसाठी. इतिहासातला पोषाख शिवायचा म्हणजे जुने फोटो बघावे लागतात, म्हाताऱ्यांना विचारावं लागतं, सुताचा जाडेपणा बोटांनी ओळखावा लागतो. हे सगळं आपल्या मुली करू शकतात, करत आहेत. सूत आणि नैसर्गिक रंग शिकायचे तर आपल्या वर्ध्यात मगन संग्रहालय आहे, ३० डिसेंबर १९३८ ला सुरू झालेलं. तिथं मुलींना एकदा घेऊन जा, सहल म्हणून नाही, हाताला सूत लागावं म्हणून.

शेवटचा पोषाख ऐतिहासिक नाही. निदान अजून तरी नाही. समुद्रपूरकडच्या एका मजूर बाईनं सांगितलेला. कापूस वेचायला जाताना आपण काय घालतो? साडीवरून नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं, कमरेला जुन्या साडीची ओटी. पुरुषाच्या मापाचा शर्ट, खांदे लोंबतात, बाही बोंडात अडकते, गळा उघडा. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक माणसं गेली, तेव्हा संरक्षक कपड्यांची चर्चा झाली, तीसुद्धा फवारणाऱ्या पुरुषांच्या मापाची. फवारलेल्या शेतात निंदायला जाणाऱ्या बाईच्या मापाचं कोणी काही बेतलं नाही. ती बाई म्हणाली, "मले माह्या मापाचा शर्ट पायजे. आपल्याच कापसाचा." एवढंच तिचं स्वप्न.

त्याचं पेपर कटिंग मी आज सोबत आणलं आहे. सुती जाड कापड, सव्वादोन मीटर, बंद गळा, मनगटाशी बटण, काखेत अंगरख्यासारखा चौकोनी तुकडा म्हणजे वाकून वेचताना ताण येणार नाही. ओटी वेगळी, पाठीवर पट्टा घेऊन बांधायची, म्हणजे सगळा भार कमरेवर येणार नाही. खिसे दोन. एक तंबाखूचा की मोबाईलचा यावर वाद घालू नका, जिचा शर्ट ती ठरवेल. ओटीचं तोंड डावीकडे असावं की पुढे, यावर मात्र सकाळी दोन गटांचं जोरात भांडण झालं. ज्या खरोखर वेचायला जातात त्यांनी जेवणानंतर मागच्या खोलीत यावं, तिथं टेबलावर कागद पसरला आहे. आणि ज्यांच्या घरी पेटीच्या तळाशी आईचं, आजीचं काही असेल, चोळी, लुगडं, परकर, फाटकं असलं तरी, त्यांनी ते पोतेरं करू नये. पुढच्या बैठकीला घेऊन या. मापं घेऊ, फोटो काढू, कोणाचं, कुठलं, कशासाठी नेसलेलं ते वहीत लिहू आणि त्याच दिवशी परत देऊ. वही मी घेतली आहे, दोनशे पानी. पहिल्या पानावर देवळीच्या आजींचं लुगडं आहे.